काशीत सोडलेलं खोटं

आमच्या बानं काशीला जाऊन खोटं बोलणं सोडलं, असं मी कुणाला सांगितलं की माणसं आधी हसतात. हसा बाप्पा, खुशाल हसा. आम्हीही हसलोच होतो.

काशीला गेलं की आवडीची एखादी वस्तू गंगेत सोडून यायची आणि मग मरेपर्यंत ती तोंडात घालायची नाही, अशी रीत. पण माणूस मोठा लबाड. जो तो नावडतं तेच सोडून येतो. आमच्या गावची भजनी मंडळी जऊळक्याला आगगाडीत बसून काशीला गेली, तेव्हा कुणी कारलं सोडलं, कुणी दोडकं. आमच्या आत्यानं, म्हणजे बाच्या थोरल्या बहिणीनं, फणस सोडला. आता आसेगावकडच्या आमच्या मुलखात फणस कुणी डोळ्यांनी तरी पाहिला होता का! काशीच्या बाजारात तिला तो कुणीतरी दाखवला आणि तिनं तो तिथल्या तिथे सोडून दिला. आत्या विधवा, आमच्याच घरी राहायची. सोवळ्याओवळ्याची भारी कडक, पण असल्या हिशेबात पक्की.

बा छातीएवढ्या पाण्यात उभा राहिला. पंड्यानं विचारलं, "क्या छोडोगे, महाराज?"

बा म्हणाला, "खोटं सोडलं."

पंड्याला काही समजेना. शेजारच्यानं त्याला हिंदीत समजावून दिलं, तेव्हा तो ओरडला, "अरे, कुछ खाने का बोलो, खाने का!" बानं सूर्याकडे पाहून पुन्हा तेच म्हटलं आणि बुडी मारली. हे सगळं आत्या घरी आल्यावर हातवारे करून सांगत होती, अन् माय कपाळाला हात लावून बसली होती.

"मले इचारलं तरी होतं का?" माय बाला म्हणाली. "लोकायनं दोडकं सोडलं. तुमाले दोडकं नाही सोडता आलं?"

मी आता लेकाच्या घरी अकोल्याला राहून 'मला-तुला' बोलायला शिकले आहे. पण त्या दोघांचं बोलणं कानात येतं ते तसंच येतं, त्याला मी काय करू? 'मला' म्हणणारी माय मला ओळखूच यायची नाही.

पहिले काही महिने घरात नुसता तमाशा. बा जेवायला बसला की माय सवयीनं विचारायची, "भाजी कशी झाली?" आणि बा घास गिळून सांगायचा, "खारट."

"काशीले जाऊन मीठ चाखाले शिकून आले!" माय फणकारायची. मग त्याच्या ताटातली भाजी घेऊन त्यात पाणी घालायची, पुन्हा चुलीवर ठेवायची आणि तोंडानं चालूच, "एवढी वर्सं गोड लागत होती न? तवा काय जीभ नव्हती?" बा म्हणायचा, "तवा बी खारटच होती." माय हसू दाबायला चुलीकडे तोंड करायची. तिचे खांदे हलायचे ते आम्हा बहिणींना दिसायचं.

आम्ही दोघी बहिणी. थोरली अक्का, धाकटी मी. अक्का शांत, मी तोंडाळ. अजूनही आहे.

बैल विकायला काढला तर बा गिऱ्हाइकाला आपण होऊन सांगायचा, "बैल चांगला हाये, पन पान्यात बसते." संध्याकाळी मारुतीच्या देवळात तो पोथी वाचायचा. पूर्वी एखाद्या ओवीचा अर्थ लागला नाही तर सगळेच वाचणारे ठोकतात तसं काहीतरी ठोकून द्यायचा. आता तो बोट तिथंच ठेवून म्हणायचा, "हे मले समजलं नाही," आणि पुढे जायचा. देवळातले बुवा चिडायचे. म्हणायचे, "अरे, पोथी वाचनाराच असं म्हनन तर आयकनाऱ्यानं काय समजाव?" पण नवल असं की ऐकणारी माणसं वाढली. जे समजलं म्हणून बा सांगायचा ते त्याला खरंच समजलेलं आहे, एवढं तरी लोकांना कळून चुकलं होतं. पुढे पुढे बांधाबांधावरची भांडणं त्याच्यापाशी येऊ लागली. "तुमी पाह्यलं का?" एवढंच दोन्ही बाजूंचे विचारायचे. बा "हो" किंवा "नाही" म्हणायचा आणि भांडण तिथं मिटायचं. शपथ नाही, बेलभंडारा उचलणं नाही, काही नाही.

माय त्याच्या तोंडावर कधी म्हणाली नाही, पण तिला त्याचा गर्व होता. शेजारणी एखादी बातमी रंगवून सांगू लागल्या की ती हात झटकायची. "तुमचं राहू द्या. आमच्या ह्यायले इचारते." जगात बाकी सगळी माणसं थोडंफार खोटं बोलतात, एक हा बोलत नाही, हे तिनं मनाशी पक्कं धरलं होतं. तिच्यासाठी बाचा शब्द म्हणजे घरातली भिंत. तिला टेकून बसायचं.

ते तसंच चाललं असतं. पण मायला मुदतीचा ताप आला.

त्या वर्षी अक्काला दिवस होते. पहिलंच बाळंतपण, म्हणजे माहेरीच व्हायचं. मायनं डिंक, मेथ्या, ओवा सगळं कधीचं आणून ठेवलं होतं. पण ताप उतरेना. कामरगावकडून अक्काच्या सासरच्यांनी कळवलं, की तापाच्या घरात पोटुशी पोरगी कशी धाडायची? त्यांचं काही चुकलं नाही. मला मात्र अजूनही त्यांचा राग येतो. राग यायला माणसाचं चुकावंच लागतं असं थोडंच आहे?

मायची सेवा करायला मी सासरहून आले. मधल्या घरात, देव्हाऱ्याच्या समोर तिची बाज टाकली होती. तिनंच तशी टाकायला लावली होती. म्हणाली, "देव डोळ्यासमोर राहू दे." तापात ती बडबडायची, "अक्काले आना... पोट्टी एकटी हाये..." मंगरूळहून हकीमसाहेब टट्टूवर बसून यायचे. मोठा सज्जन माणूस. नाडी धरून बराच वेळ डोळे मिटून बसायचे. एक दिवस बाहेर येऊन म्हणाले, "बुखार अब उतरेगा. मगर दिल बहुत कमजोर है. कोई सदमे की बात इनके कान पे मत आने देना. ताप उलटला तर मंग माह्या हाती काही नाही."

आणि दुसऱ्याच सकाळी कामरगावचा माणूस आला.

तो अंगणातल्या लिंबाखाली उभा राहिला. आत येईना. मी तांब्या घेऊन गेले तर त्यानं पाणी घेतलं नाही, नुसती मान हलवली. उन्हातून चालून आलेला माणूस दारात येऊन पाणी घेत नाही, म्हणजे त्यानं काय आणलं आहे हे आमच्याकडे पोरालासुद्धा समजतं. माझ्या हातातला तांब्या तिथंच पडला. अक्का बाळंत होऊन गेली होती. मुलगी झाली होती. अक्का पहाटे गेली, आणि दिवस वर आला तसं लेकरूही तिच्या मागं गेलं.

आतून मायचा बारीक आवाज आला, "कोन आलं गा?"

बानं तोंड उघडलं. काय सांगायचं ते त्याला समजेना, हे मला दिसत होतं. तेवढ्यात आत्या म्हणाली, "बैलवाला हाये. बैल दाखवाले आला." बानं तिच्याकडे पाहिलं, पागोटं उचललं आणि त्या माणसाबरोबर निघून गेला. लेकीला पाहायला गेला. पाहायला तरी काय उरलं असणार तिथं?

आत्यानं मला दंडाला धरून गोठ्यात नेलं आणि माझाच पदर माझ्या तोंडात कोंबला. "रडाचं नाही," ती म्हणाली. "घरात रडाचं नाही, अंगनात रडाचं नाही. तुही माय आयकन तर तिले बी घेऊन जाईन हे दुःख." तिचे स्वतःचे डोळे वाहत होते. मी कडब्याच्या पेंढ्यांत तोंड खुपसून रडले. मग आत्यानं डोळे पुसले आणि म्हणाली, "सुतक हाये. देवाले हात लावजो नको कोनी."

लग्न झालेल्या लेकीचं आईबापाला तीन दिवसांचं सुतक. आत्या तोंडानं वाट्टेल ते खोटं सांगायला तयार होती, पण सुतकात देवाला शिवायला तयार नव्हती. पूजा बंद, दिवा बंद. आम्हाला दोघींनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. सुतकात दिवा लावत नाहीत, म्हणून लावला नाही, एवढंच.

मायचं विचारणं सुरू झालं. "अक्काचा काही निरोप?" मी म्हणायची, "मजेत हाये, माय." "मजेत कशी असन वं? दिवस भरले तिचे." मग आत्या म्हणायची, "अजून वेळ हाये." शेजारीण म्हणायची, "कालच माहा भाऊ आला तिकडून, भेटली म्हने त्याले." एकीचं बोलणं दुसरीशी जुळेना. आम्ही खोटं बोलणाऱ्याही धड नव्हतो. मायनं पेज घेणं बंद केलं. भिंतीकडे तोंड करून पडली. सांजच्याला अंग पुन्हा तापलं. हकीमसाहेब आले, नाडी पाहिली आणि पुडी न देताच टट्टूवर बसले.

"तुमी समद्या खोट्या," माय भिंतीशी बोलावं तसं म्हणाली. "तुह्या बाले बलाव. त्यायच्या तोंडून आयकाचं हाये मले."

बा कामरगावहून परत आला होता, पण घरी आला नव्हता. मळ्यातल्या खोपीत बसून होता. मी भाकरी घेऊन गेले तर तिथं आत्या होती, देवळातले बुवाही आले होते. बुवा त्याला समजावत होते.

"कोनाचा जीव वाचत असन तर खोट्याचं पाप लागत नाही. मी सांगतो न तुले. समजा लागलंच, तर माह्या माथी टाक."

"पापाची गोष्ट नाही, बुवा," बा म्हणाला. "पाप लागलं तर भोगीन मी."

"मंग?"

बा काडीनं मातीत रेघा ओढू लागला. मला संताप आला. अक्का गेली होती, माय जात होती, आणि हा माणूस एका शब्दाला धरून मातीत रेघा ओढत बसला होता. मी भाकरीचं फडकं त्याच्यासमोर आपटलं. बापाला असं बोलायची आमच्याकडे रीत नाही, पण मी बोलले. "तुमचं थे वचन गंगेतून आनलं, तर गंगेतच नेऊन बुडवा! माय मरून राह्यली तिकडं. एक 'बरी हाये' म्हनाले तुमचं काय जाते?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

"माहं काही जात नाही, बाई," तो म्हणाला. "तिचं जाते. आज मी 'बरी हाये' म्हनलं, तर ती मानन. तुमचं मानत नाही, माहं मानन. काहून? तर मी खोटं बोलत नाही म्हनून. मंग उद्या तिले समजन. मंग ती कोनाचं मानन?"

ज्याच्या खोट्यावर मायचा विश्वास बसेल असा सगळ्या गावात एकच माणूस होता, आणि विश्वास बसण्याचं कारण एवढंच की तो खोटं बोलत नव्हता. मी आज म्हातारी झाले, नातवंडं शिकून वकील झाली, पण या गाठीचा कोणता दोरा ओढायचा हे मला आजही समजलेलं नाही. तेव्हा तर मी नुसती रडत होते. बुवा उठून गेले. आत्या म्हणाली, "अरे, तुही बायको हाये थे." बा उठला, विहिरीवर हातपाय धुतले आणि घराकडे चालू लागला. मी मागं मागं.

दिवेलागणीची वेळ होती. मधल्या घरात अंधार दाटला होता. बा बाजेच्या पायथ्याशी खाली बसला. मायनं मान वळवली. केवढीशी झाली होती ती, डोळे तेवढे मोठे.

"आले?"

"हो."

"पोट्टी कशी हाये?"

मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. बानं देव्हाऱ्याकडे पाहिलं. मग मायकडे पाहून म्हणाला, "बरी हाये."

माय त्याच्याकडे पाहतच राहिली. "झाली बाळंत?"

"झाली."

"काय झालं?"

"पोरगी."

"अन् कोनावर गेली?"

'गेली' हा शब्द कानावर पडला आणि बा असा दचकला की त्याचा हात बाजेच्या पायाला लागला. तिनं साधं विचारलं होतं, लेकरू कुणाच्या तोंडवळ्याचं म्हणून. घराघरात विचारतात. मला वाटलं, संपलं आता. पण बा सावरला.

"मायवर गेली," तो म्हणाला. "मायवरच गेली."

ते खरंच होतं. त्या सगळ्या बोलण्यात खोटं होतं ते एक 'बरी हाये' तेवढंच.

मायनं डोळे मिटले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "पेज आन थोडीशी." मी चुलीपाशी धावले. मागं वळून पाहिलं तर बा तिथं नव्हता. परसात रांजणापाशी पुन्हा पुन्हा चुळा भरत होता.

आणि ताप उतरला! तुम्ही म्हणाल, मुदत भरली म्हणून उतरला. असेल. हकीमसाहेब म्हणाले, "अल्लाह की मेहरबानी." आत्या म्हणाली, काशीविश्वेश्वर पावला. मला तर त्या दिवशी कुणाचंही पटलं असतं. माय उठून बसली, वरणाचं पाणी घेऊ लागली, केस विंचरून घेतले. सुतक फिटलं, आत्यानं देव घासून पुसून पुन्हा दिवा लावला. आम्ही ठरवलं, जरा अंगात ताकद आली की सांगू. आज नको, उद्या. उद्या आला की वाटायचं, आज घास दोन जास्त गेले, कशाला सांगता, परवा सांगू. सगळ्या गावाला माहीत होतं आणि सगळं गाव आमच्या दारावरून खाली मान घालून जात होतं.

मायनं जुनी लुगडी मागून घेतली आणि लेकराला दुपटं शिवायला बसली. अंथरुणातच. बारीक बारीक टाके. मी सुईत दोरा ओवून द्यायची आणि लगेच काहीतरी निमित्त काढून उठायची. बा घरात आला की ती विचारायची, "पोरगी रडते का लय?"

"नाही," बा म्हणायचा.

"अक्का बी रडत नव्हती. शांत होती माही पोट्टी."

"होती," बा म्हणायचा, आणि मग घाईनं, "हाये."

त्याला खोटं बोलणं जमत नव्हतं. एवढ्या वर्षांत सवयच मोडली होती. काल एक सांगितलेलं त्याला आज आठवायचं नाही. मग तो घरात येणंच टाळू लागला. देवळात जाऊन पोथी वाचणं बंद केलं. लोकांना वाटलं, लेकीचं दुःख आहे, चार दिवसांनी येईल. पण एकदा दोन भाऊ बांधाच्या भांडणात त्याची साक्ष मागायला आले, तर बा त्यांना हात जोडून म्हणाला, "माही साक्ष घेऊ नका गा. मी खोटा मानूस हाये." ते दोघे भांडण विसरून एकमेकांकडे पाहत राहिले.

मला त्याची कीव यायची आणि त्याच वेळी त्याला गदागदा हलवावंसं वाटायचं. मीच तर त्याला बोलायला लावलं होतं. आता कुणाला हलवू?

दुपटं पुरं झालं. मायनं ते झटकून घडी केली. वर कोपऱ्याला काळा दोरा टाचला, दृष्ट लागू नये म्हणून. आणि बाला म्हणाली, "जा, देऊन या. बारसं त माह्याबिगर झालं असन. दुपटं तरी जाऊ द्या."

बा म्हणाला, "पाहू."

"पाहू काय? दमनी जुंपा अन् जा."

मी आत्याकडे पाहिलं, आत्यानं खाली पाहिलं. त्या क्षणी सांगायला हवं होतं. तिघंही समोर होतो. बानं दुपटं घेतलं, अंगणात जाऊन दमणीला बैल जुंपले आणि वर बसला. दुपटं मांडीवर, कासरा हातात. पण बैल हाकेना. हाकून जाणार कुठं? बैल आपले शेपट्या हलवत उभे. लिंबाची पानं गळत होती, ती त्याच्या पागोट्यावर पडत होती. तो सरळ समोर बघत बसला होता.

पाठीमागं पावलं वाजली. माय भिंतीला धरून धरून ओसरीपर्यंत आली होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच बाजेवरून उतरून बाहेर आली होती. मी धरायला गेले तर तिनं माझा हात सारला.

"उतरा," ती बाला म्हणाली. "कोनापाशी नेता थे?"

बानं मान वळवली नाही.

"उतरा, म्हनते न मी. नाही थे लेकरू. अक्का बी नाही."

आत्या मटकन खाली बसली. बा उतरला. दुपटं छातीशी धरून मायसमोर येऊन उभा राहिला. म्हणाला, "कोनं सांगतलं?"

"कोनं सांगाव? तुमी समदे तोंडानं बोलत होते, पन दिवा कोनी लावला नाही. तीन सांजा माह्या डोळ्यासमोर देव अंधारात बसले होते. हात-पाय धड असलेल्या बाया घरात असून देवाचा दिवा काहून लागत नाही, हे मले समजत नाही का? अक्काचं पह्यल्याच सांजेले समजलं. लेकराचं तुमी 'मायवरच गेली' म्हनलं तवा."

"पह्यल्याच सांजेले?" बाचा आवाज फुटला. "मंग मले कायले इचारलं तू?"

"तुमी खरं सांगसान म्हनून." माय सांगत राहिली. "मले रडाचं होतं. ह्या बायायनं मले रडू देलं नाही. म्हनलं, तुमी याल, सांगसान, अन् मंग आपुन दोघं रडू. तुमी आले अन् म्हनलं, बरी हाये."

"तू मरून जाशीन वाटलं मले."

"मरनारच होती. पन तुमी एवढ्या वर्सात कधी नाही बोलले, थे माह्यासाठी बोलले. गंगेत सोडलेलं उचलून आनलं माह्यासाठी. अन् मी मेली असती तर थे बी फुकट गेलं असतं न?" तिनं भिंतीचा हात सोडला. "म्हनून पेज प्याली. म्हनून दुपटं शिवलं. तुमी खोटं बोलले, मंग मले खरं कसं म्हनता येईन? आता नाही होत माह्यानं. आता मले रडू द्या."

आणि ती रडली. बा रडला. आत्यानं आणि मी इतक्या दिवसांचं कोंडलेलं गोठ्यातून अंगणात आणलं. आवाज ऐकून गावातल्या बाया पदर तोंडाला लावत धावत आल्या, जणू निरोप त्याच दिवशी आला होता.

माय त्यानंतर बरीच वर्षं जगली. मला वाटलं होतं, एकदा मोकळं रडून झालं की घर पुन्हा पहिल्यासारखं होईल. नाही झालं. बुवांनी बाला देवळात ओढून नेलं, पुन्हा पोथी हाती दिली, पण तो वाचेना. म्हणाला, "आता मी अर्थ सांगतला तर लोकायनं त्यातलं काय मानाव?" मायनं त्याला कधी एका शब्दानं दोष दिला नाही. त्यानंही तिला दिला नाही. द्यायला हवा होता दोघांनी, कडाकडा भांडायला हवं होतं. पण ज्यानं-त्यानं दुसऱ्यासाठीच केलेलं, भांडणार कशावरून?

मी माहेरी गेले की दोघांना एकत्र वाढायची. माय सवयीनं विचारायची, "भाजी कशी झाली?"

"बरी हाये," बा म्हणायचा.

माय त्याच्या तोंडाकडे पाहायची. मग आपल्या ताटातला एक घास खाऊन पाहायची. भाजी खारट असायची.